अंतर ठेवावे, अंतर देऊ नये



‘अंतर’ हा शब्द आपण मराठी माणसे दोन रीतींनी वापरतो. ‘अंतर ठेवणे’ म्हणजे दोघांच्या मध्ये मोकळी जागा राहू देणे. ‘अंतर देणे’ म्हणजे टाकून देणे, सोडून जाणे. मरणशय्येवरची आई थोरल्या मुलाचा हात हाती घेऊन सांगते, “धाकट्याला अंतर देऊ नकोस.” तेव्हा तिच्या मनात हातांचे किंवा कोसांचे मोजमाप नसते. थोरला नोकरीसाठी दूर देशी राहिला तरी तिची तक्रार नसते. धाकट्याच्या अडचणीच्या वेळी त्याने पाठ फिरवू नये, एवढेच तिचे मागणे असते.

२०२० साली कोविडची साथ आली आणि अंतर ठेवण्याचा धडा आपण सर्वांनी घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने किमान एक मीटर सांगितले, आपल्या देशात दोन गज सांगितले गेले. दुकानांपुढे चुन्याने वर्तुळे आखली गेली, मंडळ्यांची उपासनामंदिरे बंद झाली, आणि हस्तांदोलनाऐवजी आपण हात जोडू लागलो. त्या घाईत या शिकवणीचा नैतिक विचार करण्यास कोणाला सवड नव्हती. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता तो विचार शांतपणे करता येईल, आणि पुढची साथ येण्यापूर्वी तो करून ठेवणे शहाणपणाचे आहे.

प्रश्न वरवर पाहता अगदी लहान आहे. ख्रिस्ती मनुष्य सकाळी पायी चालला आहे आणि समोरून दुसरा कोणी येत आहे. त्याने बाजूला व्हावे काय? झाला, तर ते प्रीतीचे कृत्य ठरेल की प्रीतीच्या अभावाचे? सहा फुटांच्या गोष्टीत नीतीचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या प्रभूने शेजारी कोण, हा मोठा प्रश्न रस्त्यावरच सोडविला, हे आपण विसरू नये.

रस्ता कोणाचा?

उदाहरणासाठी बेंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरम घ्या. कृष्णराजपुरम हे त्याचे पूर्ण नाव. येथे रेल्वेचे मोठे स्थानक आहे, रुळांवरून गेलेला तारांचा पूल आहे, टिन फॅक्टरीचा गजबजलेला चौक आहे, आणि मधून जुना मद्रास रस्ता जातो. कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, मल्याळम या भाषा एकाच वळणावर ऐकू येतात. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही या शहरात आहेत. येथील पदपथ अनेक ठिकाणी इतके अरुंद आहेत की दोन माणसे समोरासमोर आली तर खांदे आक्रसून घ्यावे लागतात.

अशा पदपथावर सहा फुटांचे अंतर ठेवावयाचे तर एकाला खाली रस्त्यावर उतरावेच लागते. टाळेबंदीत वाहने थांबली होती, तेव्हा उतरणे सोपे होते. पुढे रस्ते पुन्हा वाहू लागले आणि उतरणे धोक्याचे झाले. पाठीवर ‘अंतर ठेवा’ असे रंगविलेल्या मालमोटारी कोपराला घासून जातात. म्हणून अंतर ठेवण्याचा प्रश्न प्रत्यक्षात असा होतो: पदपथावरून खाली कोणी उतरावे?

पहाटे या रस्त्यावर दोन प्रकारचे लोक चालतात. काही जण प्रकृतीसाठी चालतात. त्यांच्या पायांत चांगले बूट असतात, त्यांना घाई नसते आणि कंटाळा आला तर घरी परतता येते. दुसरे कामासाठी चालतात. दूधवाले, भाजीवाल्या, पाळी संपवून येणारे पहारेकरी, घरकामाला जाणाऱ्या बाया, आणि हातात लांब झाडू घेतलेल्या सफाई कामगार स्त्रिया. या कामगारांना बेंगळुरूत पौरकार्मिक म्हणतात. टाळेबंदीच्या काळातही त्यांचे काम थांबले नाही. या दोघांची गाठ पडली असता बहुधा कोण खाली उतरते, हे वाचकांना सांगावयास नको. जिच्या हाती झाडू आहे तीच उतरते. तिला कोणी सांगत नाही. तिच्या आजीपासून तिला ते ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूने जाणारे

यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी घायाळ केलेला मनुष्य पडला होता. याजक आला, त्याने पाहिले आणि तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेला. लेव्यानेही तसेच केले. तो मेला असेल तर त्याच्या स्पर्शाने आपण अशुद्ध होऊ, असे भय त्यांस वाटले असावे, असे अनेक भाष्यकार सुचवितात. म्हणजे त्यांनीही आपल्या समजुतीप्रमाणे ‘सुरक्षित अंतर’ राखले. शोमरोनी मात्र जवळ गेला.

हा दाखला आपणांस बालपणापासून पाठ आहे. त्यामुळे २०२० मध्ये समोरच्याला पाहून रस्ता ओलांडताना अनेक भाविकांच्या मनाला टोचणी लागली. आपण याजकाप्रमाणे वागत आहोत काय? काहींनी त्या टोचणीपायी अंतर पाळण्याचेच सोडून दिले आणि त्यास विश्वास असे नाव दिले. ‘देव राखणारा आहे, मग भय कशाचे?’ असे ते म्हणत. परंतु मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने सुचविले तेव्हा प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहणे हा विश्वास नव्हे, हे त्याने तेथे दाखवून दिले. येथे तर उडी टाकणाऱ्याच्या अंगावर दुसऱ्याचा जीव बांधलेला होता.

शुभवर्तमाने नीट वाचली तर प्रभूने अंतराविषयी एकच नियम केलेला दिसत नाही. एका कुष्ठरोग्याला त्याने हात पुढे करून स्पर्श केला. दुसऱ्या प्रसंगी दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून त्याला हाका मारीत होते. नियमशास्त्राप्रमाणे त्यांनी दूरच राहावयाचे होते. त्या वेळी प्रभूने त्यांस जवळ ओढले नाही, दूर उभे राहिल्याबद्दल दोषही दिला नाही. तेवढ्या अंतरावरून त्याने त्यांचे ऐकले, त्यांच्याशी तो बोलला आणि तेथूनच ते शुद्ध झाले. शताधिपतीच्या चाकराच्या तर तो घरातही गेला नाही. स्पर्शाने बरे करणारा आणि दुरून बरे करणारा प्रभू एकच आहे. तेव्हा जवळ जाणे म्हणजे प्रीती आणि दूर राहणे म्हणजे निष्ठुरता, असे सरळ समीकरण पवित्र शास्त्रात नाही. याजकाचा दोष तो दूर राहिला यात संपत नाही. त्या मनुष्याला त्याची गरज असतानाच तो दूर गेला. त्याने अंतर ठेवले नाही, अंतर दिले.

आपल्या मातीतील जुने अंतर

तरीही आपण भारतीय, आणि त्यातही मराठी ख्रिस्ती लोक, हा विषय इतक्यावर सोडू शकत नाही. आपल्या मातीत ‘अंतर’ या शब्दाला एक कडवट इतिहास आहे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्याने जाणाऱ्या अस्पृश्याने पावलांचे ठसे पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा आणि थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवावे, असा दंडक होता, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवले आहे. त्रावणकोरात वैकम येथे १९२४-२५ मध्ये सत्याग्रह झाला, तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालू द्यावे एवढ्यासाठी. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज त्याच दूर उभ्या केलेल्या लोकांपैकी होते. एका मेजाभोवती बसून एकाच भाकरीचा वाटा घेणे हे त्यांच्या दृष्टीने सुवार्तेचे पहिले दृश्य फळ होते.

आरोग्याचे अंतर आणि जातीचे अंतर एकमेकांत किती सहज मिसळतात, याचा दाखला बेंगळुरूतच आहे. १८९८ साली तेथे प्लेग आला. दाट वस्तीतून लोकांना बाहेर काढण्यासाठी मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या नव्या वसाहती वसविण्यात आल्या. रस्ते रुंद झाले, घराघरांमध्ये हवा खेळावी म्हणून मोकळी जागा आली. हेतू चांगला होता. परंतु त्याच आखणीत जातींनुसार विभागही पडले. रोगापासून वाचविण्यासाठी मोजलेल्या जमिनीवर जुनी रेषा पुन्हा ओढली गेली.

कोविडच्या दिवसांतही तसे घडू लागले होते. त्या दिवसांत आपण ‘सामाजिक अंतर’ हा शब्द उचलला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणणे अधिक बरे असे सुचविले होते. परंतु आपल्याकडे पहिलाच शब्द रुळला, कदाचित तो आपल्या परिचयाचा होता म्हणून. रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना घरमालकांनी खोल्या सोडण्यास सांगितले. त्यांच्यावर हल्लेही झाले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला अध्यादेश काढून साथरोग कायदा कडक करावा लागला. हा कायदा मूळचा १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा.

मग या दोन अंतरांतील भेद ओळखावा कसा? अस्पृश्यतेचे अंतर म्हणते, ‘तू अपवित्र आहेस, तू दूर हो.’ ते एकाच बाजूने पाळले जाते, जन्माने ठरते आणि कधी संपत नाही. साथीतील खरे अंतर म्हणते, ‘माझ्यापासून तुला बाधा होऊ शकेल, म्हणून मी दूर होतो.’ ते दोघांनीही पाळावयाचे असते आणि कारण सरले की संपावयाचे असते. हा भेद डोळ्यांना दिसत नाही. दोन्हींत पावले तीच पडतात. म्हणून तर प्रत्येकाने आपले मन तपासावयाचे.

आपला श्वास

‘माझ्यापासून तुला बाधा होऊ शकेल’ हे केवळ शिष्टाचाराचे बोलणे नव्हे. त्यामागे शास्त्र आहे. बोलताना, खोकताना माणसाच्या तोंडातून सूक्ष्म तुषार उडतात आणि त्यांबरोबर रोगजंतू जातात, हे कार्ल फ्लुगे या संशोधकाने ब्रेसलाउ शहरात १८९७ च्या सुमारास दाखविले. १९३४ साली अमेरिकेत विल्यम वेल्स यांनी सांगितले की मोठे तुषार लवकर जमिनीवर पडतात, पण बारीक तुषार वाळून हवेत तरंगत राहतात. कोविडमध्ये याला आणखी एका गोष्टीची जोड होती. ज्याला ताप नाही, खोकला नाही, असा मनुष्यही लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधी दुसऱ्यास रोग देऊ शकत होता. फिरावयास निघालेल्या धट्ट्याकट्ट्या माणसाला आपण कोणाचे मरण बरोबर घेऊन चाललो आहोत काय, हे कळण्यास मार्ग नव्हता.

नीतीच्या दृष्टीने ही मोठी गंभीर गोष्ट आहे. आपण सहसा दुसऱ्याकडून होणाऱ्या अपायाचा विचार करतो. येथे प्रथमच कोट्यवधी लोकांना स्वतःकडून होऊ शकणाऱ्या अपायाचा विचार करावा लागला, तोही काही वाईट न करता, केवळ श्वास घेताना होणाऱ्या अपायाचा. न कळत घडणाऱ्या पापासाठीही अर्पण आणावे, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे. त्याचे मर्म या साथीने आपणांस नव्याने शिकविले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि शास्त्राचीच दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुढील काळात स्पष्ट झाले की या रोगाचा फैलाव मुख्यत्वे बंद, कोंदट जागांत होतो. मोकळ्या हवेत समोरून क्षणभर जवळून गेलेल्या माणसापासून तो होण्याचा संभव फार थोडा असतो. मग सकाळच्या फेरफटक्यात बाजूला होणे व्यर्थ होते काय?

दुर्बळाचे भय

या प्रश्नाचे उत्तर पौलाने करिंथकरांस दिलेल्या उपदेशात सापडते. मूर्तीला दाखविलेले मांस खावे की नाही, असा त्यांचा वाद होता. मूर्ती काही नाही, म्हणून खाण्यास प्रत्यवाय नाही, हे ज्यांना कळले होते त्यांचे ज्ञान पौल खोटे ठरवीत नाही. पण ज्या बंधूचे मन अजून दुबळे आहे त्याला तुमच्या खाण्याने ठेच लागत असेल तर खाऊ नका, असे तो सांगतो. ज्ञान खरे असले तरी त्याचा उपयोग प्रीतीने ठरवावयाचा असतो.

हाच न्याय रस्त्याला लावून पाहू. एखादे सत्तरीचे गृहस्थ काठी टेकीत पदपथावरून येत आहेत. त्यांना मधुमेह आहे. तळ्याकाठच्या वाटा आणि उद्याने महिनोन्महिने बंद होती, आज ते पहिल्यांदा बाहेर पडले आहेत. मोकळ्या हवेत धोका थोडा आहे हे मला ठाऊक असेल, पण त्यांना नाही. मी माझ्या ज्ञानाच्या बळावर त्यांच्या अगदी जवळून गेलो तर रोग देईनच असे नाही, पण त्यांचा तो दिवस भयाने झाकोळून जाईल. मी चार पावले बाजूला झालो तर माझे काय जाते? त्यांची भीती योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्यास मला तेथे कोणी नेमलेले नाही.

आता त्याच रस्त्याने झाडू हाती घेतलेली बाई येत आहे असे समजा. येथे तेच कृत्य वेगळे होते. मी तिला पाहून रस्ता ओलांडला तर ती काय समजेल? तिच्यापासून लोक आयुष्यभर दूर सरकत आले आहेत. माझ्या मनात कितीही शुद्ध हेतू असो, तिच्यापर्यंत तो पोहोचत नाही. पोहोचते ते फक्त माझे दूर होणे. म्हणून तिच्या बाबतीत नुसते बाजूला होणे पुरत नाही. पदपथ तिच्यासाठी सोडून मी खाली उतरले पाहिजे, तिने नव्हे. मी तिच्याकडे पाहिले पाहिजे. आणि मला बोलले पाहिजे. कन्नड येत नसले तरी ‘नमस्कार’ हा शब्द कन्नडातही नमस्कारच आहे. मुखपट्टीआडून का होईना, उच्चारलेला तो एक शब्द माझे बाजूला होणे कोणत्या प्रकारचे आहे हे सांगून जातो.

के. आर. पुरमला लागूनच दूरवाणीनगर आहे. दूरवाणी म्हणजे कन्नडात टेलिफोन. १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची ती वसाहत. देशभर घराघरांत वाजणारे पुष्कळसे जुने, जड टेलिफोन तेथेच तयार झाले. शरीर दूर असतानाही वाणी जवळ नेता येते, हे त्या नावातच आहे. अंतर ठेवणाऱ्याने वाणी आखडती घेऊ नये.

साथीतील साक्षी

१५२७ साली जर्मनीतील विटेनबर्ग शहरात प्लेग पसरला. विद्यापीठ दुसरीकडे हलले, पण मार्टिन लूथर गर्भवती पत्नीसह तेथेच राहिला आणि त्याच्या घराचे रुग्णालय झाले. त्याच सुमारास ब्रेसलाउ येथील पाळक योहान हेस यांनी त्याला विचारले होते की ख्रिस्ती माणसाने मरीपासून पळून जावे काय. लूथरच्या उत्तराचा आशय असा: जेथे माझी गरज नाही तेथे मी जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्यास रोग लागून त्याच्या मरणास मी कारण होणार नाही. पण शेजाऱ्याला माझी गरज पडली तर मी कोणतीही जागा आणि कोणताही मनुष्य टाळणार नाही. ज्या शहराने हा प्रश्न विचारला त्याच शहरात पावणेचारशे वर्षांनी फ्लुगे यांनी तुषारांचा शोध लावला, हा योगायोग मनोहर आहे.

इंग्लंडमधील ईम या खेड्यात १६६५ साली प्लेग शिरला. १६६६ च्या उन्हाळ्यात पाळक विल्यम मॉम्पेसन यांनी गावकऱ्यांपुढे विचार मांडला की कोणी गाव सोडून जाऊ नये, म्हणजे शेजारची गावे वाचतील. लोकांनी ते मान्य केले. बाहेरचे लोक सीमेवरच्या दगडापाशी अन्न ठेवून जात. त्याचे पैसे दगडाच्या खळग्यात, शिरक्यात बुडवून ठेवले जात. उपासना उघड्या दरीत होत असे आणि कुटुंबे एकमेकांपासून दूर उभी राहत. अडीचशेहून अधिक माणसे मेली, त्यांत पाळकाची पत्नी कॅथरीनही होती. आसपासच्या गावांत साथ गेली नाही. त्या गावाने अंतर ठेवले, ते परक्यांच्या लेकरांसाठी.

आणि आपल्या पुण्याजवळ, १८९७ साली, सावित्रीबाई फुले यांनी अंतर तोडले. प्लेगच्या रुग्णांसाठी त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्या ख्रिस्ती नव्हत्या. पण यरीहोच्या वाटेवरचा तो प्रवासीही शोमरोनीच होता, हे आपण ध्यानात घ्यावे.

लूथर, ईमचे गावकरी आणि सावित्रीबाई यांच्या वागण्यात विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. गरज नसताना दूर राहणे आणि गरज पडताच जवळ जाणे, या दोहोंचे मूळ एकच आहे. फिरावयास गेलेल्या माणसापुढे हा प्रसंग केव्हाही उभा राहू शकतो. ज्या वृद्ध गृहस्थांपासून आपण चार पावले दूर झालो ते पाय घसरून पडले, तर? त्या क्षणी सहा फुटांचा नियम संपतो. मुखपट्टी नीट करावी, नंतर हात धुवावेत, पण त्यांना उचलावे. जो तेव्हाही दूर उभा राहतो त्याचे आधीचे अंतरही प्रीतीचे नव्हते, असा संशय येतो.

जे चालतच राहिले

२०२० मध्ये आणखी एक पायी चालणे आपण पाहिले. त्याचा उल्लेख केल्यावाचून हा लेख अपुरा राहील. के. आर. पुरम, व्हाइटफील्ड या भागांतील उंच इमारती परप्रांतीय मजुरांनी बांधल्या. काम बंद पडले, मजुरी थांबली आणि त्यांना गावाकडे जावयाचे होते. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात कर्नाटक सरकारने मजुरांसाठीच्या विशेष गाड्या रद्द करण्याची विनंती रेल्वेला केली. बांधकाम व्यावसायिकांशी सरकारची नुकतीच चर्चा झाली होती. टीका झाल्यावर तो निर्णय दोनतीन दिवसांत मागे घ्यावा लागला. तोवर कित्येक जण पायीच निघाले होते. महाराष्ट्रात ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून चालत निघाले होते.

ज्या दिवसांत आपण दोन गजांचे अंतर काटेकोरपणे मोजत होतो, त्याच दिवसांत या माणसांना आपण सर्वांनी मिळून अंतर दिले. जवळ जवळ दाटीने झोपणाऱ्यांना अंतर ठेवण्याची सोय नव्हती, आणि ज्यांना ती होती त्यांची दृष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. पंडिता रमाबाईंनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील आणि विलगीकरण छावणीतील स्त्रियांच्या स्थितीविषयी निर्भीडपणे लिहिले होते. सरकारने त्याचा इन्कार केला, पण रमाबाईंनी आपले म्हणणे सोडले नाही. लोकांना वेगळे ठेवण्याचा अधिकार जो घेतो त्याच्यावर त्यांना जपण्याचे कर्तव्यही येते, हा त्यांच्या लिहिण्याचा रोख होता. तो रोख अजून जुना झालेला नाही.

अंतराचा शेवट

दहा कुष्ठरोगी शुद्ध झाल्यावर त्यांतील एक परत आला. आता त्याला दूर उभे राहण्याचे कारण उरले नव्हते. तो थेट प्रभूच्या चरणांशी आला. बाकीचे नऊ बरे झाले, पण त्यांचे अंतर तसेच राहिले. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही पुत्र दूर आहे तोच बाप त्याला पाहतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. त्या बापाने एवढी वर्षे पुत्रापासूनचे अंतर सोसले, पण त्याला अंतर दिले नव्हते. म्हणून तर तो वाटेकडे डोळे लावून होता.

वाचकहो, साथ ओसरली, पण तिने घातलेल्या काही सवयी आपल्यात राहून गेल्या आहेत. मंडळीतील काही वृद्धांना घरीच उपासना ऐकण्याची सवय लागली आणि त्यांच्याकडे जाण्याचे आपणही सोडले. मोलकरणीसाठी वेगळा पेला तेव्हा आला आणि काही घरांत तो अजून फडताळात आहे. त्या काळी ज्यांना पाहून आपण रस्ता बदलला त्यांपैकी कित्येकांची नावेही आपण कधी विचारली नाहीत. रोगाच्या कारणाने ठेवलेले अंतर कारण सरल्यावरही उरले, तर ते कोणत्या नावाने ओळखावे?

तेव्हा एक साधी गोष्ट करावी. उद्या सकाळी फिरावयास निघाल तेव्हा त्याच रस्त्याने झाडीत येणाऱ्या बाईपाशी क्षणभर थांबा. तिच्यासाठी पदपथ मोकळा करा, तिचे नाव विचारा आणि आपले सांगा. पुन्हा साथ आली तर आपणांस पुन्हा दूर व्हावे लागेल. ओळखीच्या माणसाला पाहून आपण बाजूला झालो तर ते का झालो, हे तिला तेव्हा सांगावे लागणार नाही.